दोन अर्धी तिकिटं

भाऊजींनी जैसलमेरचा बेत पहिल्यांदा केला तो १९८६ साली. भाऊजी म्हणजे आमच्या शेजारच्या वहिनींचे यजमान. ते आणि आमचे हे, दोघेही भिलाईच्या पोलाद कारखान्यात. सेक्टरमधल्या क्वार्टरात आम्ही समोरासमोर राहायचो. निवृत्तीनंतर क्वार्टर सोडायची वेळ आली तेव्हा दोघांनी मिळून कोहक्याला शेजारी-शेजारी प्लॉट घेतले आणि घरं बांधली. मध्ये कमरेएवढी सामाईक भिंत. तिच्यावरून वाटी-वाटीनं साखर, पुरणपोळी, ताक आणि घरोघरच्या तक्रारी इकडून तिकडे जायच्या. तीस-पस्तीस वर्षांचा शेजार, तरी वहिनी मला ‘अहो ताई’ म्हणायच्या आणि मी त्यांना ‘अहो वहिनी’. ते अहो-जाहो काही सुटलं नाही.

भाऊजींना जैसलमेरचं वेड लागलं ते बंगाली मित्रांमुळे. भिलाईत बंगाली मंडळी पुष्कळ. त्यांनी केव्हातरी आग्रहानं सत्यजित राय यांचा ‘सोनार केल्ला’ हा १९७४ सालचा चित्रपट दाखवला. मागचा जन्म आठवणारा एक लहान मुलगा आणि वाळवंटात उभा असलेला तो सोनेरी किल्ला. भाऊजींना संवाद किती कळले कोण जाणे, पण किल्ला डोक्यात घर करून बसला. कंपनीकडून एलटीसी मिळायची. दर वेळी भाऊजी राजस्थानचा नकाशा काढून बसायचे आणि दर वेळी ती एलटीसी तुमसरजवळच्या त्यांच्या गावी जाण्यात खर्ची पडायची. एकदा वडिलांचं आजारपण, एकदा शेतीची वाटणी, एकदा मुलीच्या लग्नाची बोलणी. २०१६ साली भाऊजी गेले. जैसलमेर राहिलंच.

२०१८ च्या दिवाळीत साफसफाई करताना वहिनींना एक जुनी फाइल सापडली. भिंतीवरून त्यांनी मला हाक मारली आणि एक पिवळा पडलेला कागद पुढे केला. भाऊजींचं टपोरं अक्षर. वर ‘राजस्थान प्रवास – अंदाजे खर्च’. खाली ओळीनं बिकानेर, जैसलमेर, जोधपूर. त्यात धर्मशाळा, जेवण, टांगा, उंट चाळीस रुपये, अडीनडीला शंभर रुपये. रेल्वेचं भाडं कंपनी देणार म्हणून त्या ठिकाणी नुसती रेघ. फक्त कंसात लिहिलेलं : दोन पूर्ण, दोन अर्धी तिकिटं. अर्धी म्हणजे मुलांची. बेरीज बाराशे साठ.

‘‘ताई, आता किती लागतील हो?’’ वहिनींनी विचारलं.

मी हसले. मग त्यांच्याकडे पाहिलं. त्या हसत नव्हत्या.

अशी आमची सहल ठरली. मी तेव्हा साठ वर्षांची, वहिनी त्रेसष्टच्या. घरात आणि गल्लीत एकच प्रश्न, ‘‘दोघी बायकाच?’’ आमच्या ह्यांनी बरोबर येण्याची तयारी दाखवली, पण ती इतक्या पडलेल्या आवाजात की मीच नको म्हटलं. त्यांना स्वतःची गादी आणि स्वतःचा टीव्ही सोडून कुठंच करमत नाही. वहिनींच्या मुलाचा पुण्याहून फोन आला, ‘‘विमानानं जा, मी तिकिटं काढतो.’’ वहिनींनी साफ नकार दिला. त्यांच्या पेन्शनमधून जेवढं होईल तेवढंच करायचं होतं.

खर्चाचा हिशोब असा. दोघींनी आठ-आठ हजार रुपये काढून एका पर्समध्ये ठेवायचे, सगळा खर्च त्यातून करायचा. पर्स माझ्याकडे, वही वहिनींकडे. वहिनींनी वहीत दोन रकाने आखले. डावीकडे भाऊजींचे १९८६ चे आकडे उतरवून काढले, उजवीकडची जागा कोरी ठेवली.

रेल्वेची ज्येष्ठांसाठीची सवलत तेव्हा चालू होती. अठ्ठावन्न वर्षांवरील बायकांना भाड्यात निम्मी सूट मिळायची, पुरुषांना साठीनंतर चाळीस टक्के. बिलासपूरहून बिकानेरला जाणारी थेट गाडी दुर्गला थांबते आणि येताना जोधपूरच्या भगत की कोठी स्टेशनहून बिलासपूरची गाडी मिळते. दोन्ही गाड्या आठवड्यातल्या ठरावीक दिवशीच, त्यामुळे कुठं किती मुक्काम करायचा ते आमच्याऐवजी रेल्वेनंच ठरवलं. स्लीपरची तिकिटं हातात आली तेव्हा वहिनी बराच वेळ ती न्याहाळत बसल्या. ‘‘ह्यांच्या कागदात दोन अर्धी होती ना ताई? घ्या. दोन अर्धी झाली.’’

जानेवारी २०१९ मध्ये आम्ही निघालो. शिदोरीला दशम्या, शेंगदाण्याची चटणी, चिवडा आणि तिळाचे लाडू. दोन रात्री गाडीत काढल्या. पहिल्या रात्री झोप नाही, दुसऱ्या रात्री थंडीनं झोप नाही. राजस्थानची थंडी किती असते याची आम्हाला कल्पनाच नव्हती. भिलाईच्या हिवाळ्याला पुरेल एवढीच एकेक शाल आणलेली. कुणी जानेवारीत तिकडे जाणार असेल तर एक कानटोपी आणि जाड मोजे जरूर न्या, हे आपलं अनुभवाचं सांगते.

बिकानेरला उतरून एका धर्मशाळेत गेलो. गल्ल्यावरच्या माणसानं दोन्ही आधार कार्डं उलटसुलट पाहिली. मग आमच्या मागं कुणी आहे का ते पाहिलं. ‘‘साथ में कोई जेंट्स नहीं?’’ नाही म्हटल्यावर त्याचा चेहरा बदलला. खोली रिकामी नाही, बायकांना एकट्या ठेवत नाही, मॅनेजरला विचारावं लागेल, असं काहीबाही सुरू झालं. मी तावातावानं बोलायला लागणार, तेवढ्यात वहिनी पुढे झाल्या. अगदी शांत आवाजात म्हणाल्या, ‘‘भैया, साहब आगे गए हैं. हम पीछे से आ रहे हैं.’’

त्यानं निमूट रजिस्टर पुढे सरकवलं.

खोलीत आल्यावर मी वहिनींकडे बघतच राहिले. म्हणाल्या, ‘‘यात खोटं काय बोलले मी?’’ आणि पदर तोंडाला लावून त्या इतक्या हसल्या की शेवटी डोळे पुसावे लागले. भाऊजी गेल्यानंतर त्यांना तसं हसताना मी पाहिलं नव्हतं.

बिकानेर हे शहर जोधपूर वसवणाऱ्या राव जोधांचे पुत्र राव बिका यांनी १४८८ साली वसवलं. इथला जुनागढ किल्ला राजा रायसिंह यांनी १५८९ ते १५९४ या काळात बांधला. किल्ला म्हटला की आपल्या डोळ्यांसमोर रायगड, सिंहगड येतात, पण हा किल्ला चक्क सपाट जमिनीवर आहे. वहिनींच्या गुडघ्यांना तो फार आवडला. आत सोन्याचं नक्षीकाम, चिनी फरश्या, आरसे सगळं आहे, पण त्यांच्या लक्षात राहिला तो एक महाल, ज्याच्या भिंतींवर निळे काळे ढग आणि खाली पावसाच्या धारा रंगवल्या आहेत. बादल महाल त्याचं नाव. ‘‘पाऊस पडत नाही म्हणून भिंतीवर काढून ठेवला बिचाऱ्यांनी,’’ वहिनी म्हणाल्या.

त्याहून मजा आली भांडासर जैन मंदिरात. या मंदिराच्या पायात पाण्याऐवजी तूप ओतलं अशी आख्यायिका आहे. गावात प्यायला पाणी नाही तर बांधकामाला कुठून देणार, असं लोक म्हणाले म्हणे, तेव्हा व्यापारी भांडाशाहनं चाळीस हजार किलो तूप वापरलं. उन्हाळ्यात आजही फरशीतून तूप पाझरतं असं तिथं सांगतात. आम्ही जानेवारीत गेलो होतो, त्यामुळे पाझरण्याचा प्रश्न नव्हता. वहिनी मंदिराच्या पायरीवर बसून तुपाचा आजचा भाव गुणू लागल्या. पाचशे रुपये किलोनं दोन कोटी रुपये. ‘‘एवढ्यात विहीर नसती का खणली त्यानं?’’ असं त्या पुजाऱ्यालाच विचारायला निघाल्या होत्या. मी हाताला धरून खाली आणलं.

भुजिया घेतल्या. बिकानेरी भुजियाला २०१० साली भौगोलिक मानांकन मिळालं आहे. अर्धा किलो प्रवासाला आणि एक किलो घरी, असा हिशोब होता. प्रत्यक्षात घरी पाव किलो पोहोचली.

बिकानेरहून सकाळी निघालेली गाडी दुपारी जैसलमेरला पोहोचते. वाटेत फलोदी, मग रामदेवरा, मग पोखरण. १९७४ आणि १९९८ साली जिथं अणुचाचण्या झाल्या तेच हे पोखरण. स्टेशन मात्र आपल्याकडच्या कुठल्याही लहान गावासारखं, चहा आणि भजी. खिडकीतून बाहेर बघावं तर खेजडीची झाडं, बोरीची झुडपं, मधूनच बकऱ्या. सगळीकडे वाळूच्या टेकड्या असतील अशी आमची कल्पना. पण थरच्या वाळवंटात कोसच्या कोस खडकाळ माळ आणि झुडपंच दिसतात, वाळूच्या टेकड्या ठरावीक ठिकाणी. आणि माणसं तर चांगलीच आहेत. समोरच्या बाकावरचे एक वृद्ध शेतकरी आपल्या नातवाला कालव्याची गोष्ट सांगत होते. पंजाबात सतलज आणि बियास यांच्या संगमाजवळ हरिके इथं बंधारा आहे, तिथून हा इंदिरा गांधी कालवा निघतो आणि सहाशे चाळीसहून अधिक किलोमीटर येतो. काम १९५८ साली सुरू झालं. वहिनी लगेच म्हणाल्या, ‘‘म्हणजे आपल्या कारखान्याच्याच वेळचं.’’ खरंच, भिलाईचा रशियाशी करार १९५५ चा आणि पहिली झोतभट्टी पेटली ती ४ फेब्रुवारी १९५९ ला. त्या शेतकऱ्यांनी आम्हाला दोघींना एकेक मुठ्ठी बोरं दिली.

जैसलमेरचा किल्ला गाडीतूनच दिसायला लागतो. दुपारचं ऊन होतं. सगळा डोंगर आणि त्यावरचे बुरुज पिकल्या आंब्याच्या रंगाचे. वहिनी खिडकीच्या गजांना धरून उभ्या राहिल्या. काही बोलल्या नाहीत. मीही बोलले नाही. शेजारचा एक मुलगा ‘‘आंटी, सामान हटाइए’’ म्हणत होता, तेही त्यांना ऐकू गेलं नाही.

रावल जैसल यांनी ११५६ साली हा किल्ला वसवला. किल्ल्यात माणसं राहतात हे मी ऐकलं होतं, पण त्याचा अर्थ आत गेल्यावर कळला. बोळात दुचाक्या उभ्या, दारात रांगोळ्या, कुठं कुकरची शिटी, कुठं पोरं पाढे म्हणताहेत. काही हजार माणसांचं हे गाव आहे. पूर्वी पाणी खालच्या गडीसर तलावातून बायका डोक्यावरून आणायच्या. पुढं नळ आले, न्हाणीघरं आली, हॉटेलं झाली, आणि ते पाणी मुरायला लागलं. किल्ल्याखालचा डोंगर मऊ दगडमातीचा. शेकडो वर्षं थेंबाथेंबाचा हिशोब ठेवून बांधलेल्या किल्ल्याला भरपूर पाणी सोसेना. १९९० नंतर काही भाग ढासळलेही. २०१३ साली राजस्थानातल्या इतर डोंगरी किल्ल्यांबरोबर त्याला जागतिक वारशाचा मान मिळाला, पण सांडपाण्याची काळजी काही त्यानं मिटत नाही.

पहिला दिवस पटवांच्या हवेल्या पाहण्यात गेला. एका व्यापाऱ्यानं बांधायला घेतलेल्या या पाच हवेल्या. दगड कोरला आहे की लेस विणली आहे ते हात लावल्याशिवाय कळत नाही. दुसऱ्या दिवशी समच्या वाळूच्या टेकड्या. गावापासून साधारण चाळीस किलोमीटर. आणखी एका बंगाली कुटुंबाबरोबर जीप वाटून घेतली, त्यामुळे खर्च निम्मा झाला.

तिथं उंटावर बसायचं की नाही यावरून वाद. मी तयार होते, वहिनी ठाम नाही म्हणत होत्या. गुडघे, साडी, वय, लोक काय म्हणतील, सगळी कारणं सांगून झाली. शेवटी मी पर्समधून भाऊजींचा कागद काढला आणि बोट ठेवलं. ‘उंट – ४० रु.’

वहिनींनी कागदाकडे पाहिलं, उंटाकडे पाहिलं. ‘‘ह्यांचं आपलं काहीतरीच,’’ म्हणाल्या आणि चढल्या. उंट उठताना आधी मागचे पाय ताठ करतो, त्यामुळे बसलेला माणूस एकदम पुढं झुकतो. वहिनींनी ‘विठ्ठला’ अशी जी आरोळी ठोकली ती ऐकून दोन टेकड्यांपलीकडचे लोक वळून बघायला लागले. पण मग सूर्य बुडेपर्यंत त्या खाली उतरायला तयार नव्हत्या. वहीत त्या रात्री उजव्या रकान्यात लिहिलं, ‘उंट – दोघींचे ४००’. आणि त्याखाली, बारीक अक्षरात, ‘वसूल’.

तिसऱ्या दिवशी आम्ही भांडलो.

किल्ल्यातल्या एका गल्लीत ओट्यावर एक म्हातारी गोवऱ्यांएवढ्या उन्हाच्या तुकड्यात बसली होती. आम्हीही टेकलो. तिच्या मोडक्या हिंदीतून आणि आमच्या छत्तीसगढी वळणाच्या हिंदीतून गप्पा झाल्या. मुलगे खाली गावात नव्या वस्तीत राहायला गेले होते. तिला चल म्हणत होते. हॉटेलसाठी घर मागणारेही दारात येऊन जायचे. ती जात नव्हती. का विचारलं तर तिनं नुसता हात फिरवला. ओटा, दार, समोरचं देऊळ, वरचा आकाशाचा पट्टा.

वहिनी उठून चालायला लागल्या. पुढच्या वळणावर थांबून, माझ्याकडे न बघता म्हणाल्या, ‘‘ताई, तुम्हाला सांगायचं होतं. आपलं कोहक्याचं घर विकून राहिले आम्ही. मार्चमध्ये व्यवहार आहे. बयाणा घेतला मुलानं.’’

मला काही सुचेना. ‘‘कधी ठरलं?’’

‘‘दिवाळीतच.’’

दिवाळीत! म्हणजे साफसफाई करून ती फाइल सापडली ती उगीच नाही. घर रिकामं करायला सुरुवात झाली होती. मी तीन महिने तिकिटं, धर्मशाळा, लाडू यांत गुंतले होते आणि या माझ्याबरोबर निरोपाची सहल करत होत्या. मला हे जिव्हारी लागलं. बोलू नये ते बोलले. ‘‘भिंतीवरून वाटीभर साखर मागता येते, एवढं सांगता येत नाही?’’ असं काहीतरी. वहिनी ऐकून घेत होत्या.

मुलगा वाईट नाही, हे मलाही माहीत होतं. २०१८ च्या पावसाळ्यात वहिनी न्हाणीघरात घसरून पडल्या होत्या. दोन तास तशाच पडून होत्या आणि मी शेजारी असून मला पत्ता नव्हता. त्या दिवशी मी सुपेल्याच्या बाजारात भाव करत हिंडत होते. त्या दोन तासांचा मुलानं धसका घेतला. आईसाठी वेगळी खोली असलेला मोठा फ्लॅट घ्यायचा तर कोहक्याचे पैसे हवेत. त्याच्या बाजूनं सगळं बरोबर होतं. मला राग आला होता तो बहुधा त्या दोन तासांचा.

संध्याकाळी मी खोलीतून बाहेर पडले नाही. वहिनी एकट्या जेवून आल्या. माझ्यासाठी दोन केळी ठेवली. रात्री त्या झोपल्यावर मी वही उघडली. शेवटची ओळ अशी होती : ‘जेवण, एक थाळी – १२०. (ताई जेवल्या नाहीत.)’

केळी खाल्ली. सकाळी जोधपूरची गाडी होती. सहा तासांत आम्ही कामापुरतं बोललो.

जोधपूरचा मेहरानगढ किल्ला राव जोधांनी १४५९ साली बांधायला घेतला. शहरातून वर बघितलं तर खडकातूनच उगवल्यासारखा दिसतो. इथंही पाण्याचीच गोष्ट. त्या टेकडीवर राहणाऱ्या एका साधूला हुसकावलं आणि त्यानं इथं पाण्याचा दुष्काळ पडेल असा शाप दिला, अशी कथा सांगतात. किल्ल्यात जायला लिफ्ट आहे, तिचे वेगळे पैसे. वहिनी म्हणाल्या, कशाला खर्च, चढू हळूहळू. मी काही न बोलता दोन तिकिटं काढली. जैसलमेरनंतर माझी पहिली दिलजमाई तीच. वहीत तिची नोंद ‘लिफ्ट (ताईंचा हट्ट)’ अशी झाली.

वरून निळं शहर दिसतं. पालख्या, पाळणे, तलवारी, फुलांच्या काचांचा महाल, सगळं नीट मांडलेलं आहे. पण ते मी भराभर सांगते, कारण मला सांगायचं आहे ते परतीच्या वाटेचं. उतरताना आम्ही पायी निघालो. लोहा पोल नावाचा दरवाजा लागला. त्याच्या बाजूच्या भिंतीवर ओळीनं हातांचे पंजे कोरलेले आहेत. वर शेंदूर आणि वर्ख. सती गेलेल्या राण्यांचे हे ठसे. १८४३ साली महाराजा मानसिंह वारल्यावर गेलेल्या राण्यांचेही त्यात आहेत. ब्रिटिश मुलखात सतीला १८२९ सालीच बंदी झाली होती, ती संस्थानात पोहोचायला वेळ लागला. आणि फार मागं जायला नको, १९८७ साली याच राजस्थानात, देवराला गावी, अठरा वर्षांची मुलगी चितेवर गेली, तेव्हा कुठं सतीविरुद्ध नवा कायदा झाला.

पुढच्या बायका पंज्यांना हात लावून नमस्कार करत होत्या. वहिनींनी नमस्कार केला नाही. जवळ जाऊन बघत राहिल्या. मग स्वतःचा तळवा उघडून बघितला.

‘‘किती लहान हात आहेत वो ताई,’’ त्या म्हणाल्या. ‘‘पोरींचे हात आहेत.’’

खाली दगडी कट्ट्यावर बसलो. बाटलीतलं पाणी प्यायलं. माणसं येत-जात होती, एक वादक रावणहत्ता वाजवत होता. बराच वेळ गेला. मग वहिनींनी माझा फोन मागितला, त्यांचा बंद पडला होता. पुण्याला लावला. मी उठून बाजूला जायला लागले, तर त्यांनी हातानंच बसा म्हणून सांगितलं.

‘‘मी येईन रे पुण्याला,’’ त्या मुलाला म्हणत होत्या. ‘‘राहीन तुझ्याजवळ. पण घर विकायचं नाही. त्यांचा बयाणा परत कर. त्यात तोटा झाला तर माझ्या एफडीतून भर. भाडेकरू ठेवीन, भाडं माझ्या पासबुकात जमा होईल... नाही, कुणी शिकवलं नाही. ताई तर दोन दिवस माझ्याशी धड बोलूनच नाही राहिल्या... सही मी करणार नाही, एवढंच सांगते. जेवलास का?’’

फोन परत देताना त्यांचा हात थरथरत होता. मला खूप काही बोलावंसं वाटलं, पण मी म्हटलं, ‘‘वहिनी, घंटाघरापाशी मिर्चीवडा चांगला मिळतो म्हणे.’’

‘‘कागदात आहे,’’ वहिनी म्हणाल्या. खरंच होता. ‘जोधपूर – किल्ला, घंटाघर, मिर्चीवडा.’ भाऊजींना हे १९८६ साली कुणी सांगितलं होतं देव जाणे. वडा इतका तिखट निघाला की दोघींच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. त्यामुळे एक सोय झाली, कोण कशासाठी रडतंय ते कळायला मार्ग उरला नाही.

दुसऱ्या दिवशी तूरजी का झालरा पाहिली. १७४० च्या सुमारास बांधलेली पायऱ्यांची विहीर. बरीच वर्षं ती गाळानं आणि कचऱ्यानं भरलेली होती, अलीकडे साफ केली. आता गावातली पोरं वरच्या कठड्यावरून आत उड्या मारतात. वहिनी पायरीवर बसून त्यांना ओरडत होत्या, ‘‘अरे, डोकं आपटेल!’’ मारवाडी पोरांना मराठी ओरडा कळत होता असं दिसलं, कारण ती आणखी उंचावरून उड्या मारायला लागली. संध्याकाळी भगत की कोठीहून आमची गाडी होती.

परतल्यावर कोहक्याच्या घरात आम्ही वही घेऊन बसलो. डावीकडची बेरीज बाराशे साठ, उजवीकडची पंधरा हजार तीनशे साठ. पर्समध्ये सहाशे चाळीस रुपये उरले होते. मी तीनशे वीस मोजून पुढे केले. वहिनींनी घेतले नाहीत. ‘‘राहू द्या. तुमच्याकडेच राहू द्या.’’

बयाणा परत करण्यावरून मुलगा दोन महिने धुमसत होता. मग त्यानं कर्ज काढून थोडा लहान फ्लॅट घेतला. त्यात आईला खोली नाही, नातीच्या खोलीत पलंग आहे. जून २०१९ मध्ये वहिनी पुण्याला गेल्या. शेजारच्या घरात कारखान्यातलं एक तरुण कुटुंब भाड्यानं राहायला आलं. भिंतीवरून वाट्या जायला लागल्या, पण त्या बाईला माझं ताक आंबट वाटतं.

२०२० च्या होळीला वहिनी घरपट्टी भरायला म्हणून आल्या आणि मार्चअखेर देश बंद झाला. त्या पाच महिने माझ्या घरी अडकल्या. लोक त्या दिवसांचं वाईट सांगतात, आणि ते खरंच होतं. पण आम्ही दोघींनी रोज संध्याकाळी गच्चीवर बसून जैसलमेरपासून भुजियापर्यंत सगळा प्रवास पुन्हा एकदा केला, हेही खरं. त्याच मार्चमध्ये रेल्वेनं ज्येष्ठांची सवलत बंद केली. अर्धी तिकिटं गेली.

आता वहिनींचे गुडघे आणखी दुखतात, माझ्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. भाड्याचं पासबुक त्या दर महिन्याला भरून घेतात आणि मला फोनवर आकडा वाचून दाखवतात. मागच्या आठवड्यात बोलता बोलता म्हणाल्या, ‘‘ताई, ते सहाशे चाळीस आहेत ना?’’

‘‘आहेत की. त्याच पर्समध्ये आहेत.’’

‘‘कागद काढा बरं जरा. तळाशी बघा काय लिहिलंय.’’

मी चष्मा लावून कागद काढला. घडीवर फाटत आलेला, तरी अक्षर स्वच्छ. बेरजेच्या खाली, पेन्सिलीनं, ‘पुढच्या खेपेला – चितोड, उदेपूर’.

‘‘चढ किती आहे चितोडला?’’ वहिनींनी विचारलं. ‘‘रिक्षा वरपर्यंत जाते का, तेवढं चौकशी करून ठेवा.’’